चादरीमागचे दोन सर

आमच्या शाळेत निरोप समारंभाला कुणी रडायचं नाही असा दंडक आहे. रडायची हौस असेल तर घरी जाऊन उशीत तोंड खुपसावं. सभागृहात फक्त हसायचं आणि हसवायचं. शेवटच्या वर्गाने शिक्षकांच्या नकला करायच्या, एकमेकांची जाहीर उणीदुणी काढायची आणि गुण्यागोविंदाने निघून जायचं. बाहेरच्यांना हे फार गोड वाटतं. मला विचाराल तर ज्यांनी वर्षानुवर्षं आपल्याला बाकावर उभं केलं, त्यांच्यावर एका दुपारी सूड उगवण्याचा हा सभ्य मार्ग आहे. मी अगदी लहान वर्गात असल्यापासून त्याची वाट पाहत होते.

या समारंभातला सगळ्यांचा लाडका भाग म्हणजे ‘खरा कोण’. स्टेजवर एक पांढरी चादर ताणून बांधतात आणि तिच्यामागे दिवा लावतात. नक्कल संपली की ज्यांची नक्कल झाली त्या शिक्षकांनी उठून चादरीमागे जायचं. मग दोघांच्या सावल्या आळीपाळीने चादरीवर येतात. चालणं तेच, वाक्य तेच, हातवारे तेच. पहिला खरा की दुसरा, हे सभागृहाने ओरडून सांगायचं. यात कधीच काही अवघड नसे. मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या बाईंचा आकार कुठल्याही मुलीला पोटाला उशा बांधूनसुद्धा जमत नसे, आणि लॅबच्या बाई तर चादरीमागेही चष्मा पुसत उभ्या राहत. आजवर सभागृह एकदाही चुकलं नव्हतं. ते चुकू शकतं, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

माझे बाबा याच शाळेत गणित शिकवतात. म्हणजे मी घरी एक शिक्षा भोगायची आणि शाळेत दुसरी. बाबांना सगळी शाळा ‘कंपास’ म्हणते. कारण ते फळ्यावर हातानेच वर्तुळ काढतात. एका झटक्यात, खांद्यापासून अख्खा हात फिरवून, आणि जिथे सुरुवात केली बरोबर तिथेच खडू आणून टेकवतात. दरवर्षी नवीन वर्गातला कुणीतरी शहाणा मधल्या सुट्टीत दोरी घेऊन ते वर्तुळ तपासतो आणि तोंड पाडून परत येतो. बाबा कंपास, म्हणून मी पेटी. मला माझ्या खऱ्या नावाने फक्त हजेरी घेताना हाक मारली जाते.

बाबांची नक्कल करण्याचं काम नकल्याकडे आलं, यात नवल नव्हतं. नकल्या हा आमच्या वर्गातला उंच, हडकुळा मुलगा, बाबांच्याच अंगकाठीचा. अभ्यासात यथातथा, पण माणूस बघण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. इतर मुलं शिक्षकांची चार ठेवणीतली वाक्यं उचलतात आणि आवाज काढून मोकळी होतात. नकल्या आठवडेच्या आठवडे नुसता बघत बसायचा. शब्द कोणालाही उचलता येतात, पाय उचलता आले पाहिजेत, असं तो म्हणायचा. आम्ही त्याला वेड्यात काढायचो.

त्याने रीतसर माझी परवानगी मागितली. मी आनंदाने दिली, वर दारूगोळाही पुरवला. घरी बाबांनी आमटीत मीठ किती असं विचारलं आणि आई ‘अंदाजे’ म्हणाली की त्यांचा जीव कसा कासावीस होतो, ते सांगितलं. सगळ्यात भयंकर गणित सोडवून झालं की वर्गाकडे वळून ‘झालं की नाही सोपं?’ असं ते विचारतात, ते तर सगळ्यांना पाठच होतं.

तालमी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलीत व्हायच्या. ती खोली वरच्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला आहे. पहिल्याच तालमीत नकल्याने बाबा असे काही उभे केले की आम्ही बाकांवरून खाली पडलो. मान तिरकी करून चष्म्यावरून बघणं, उत्तर चुकलं की छताकडे बघून उसासा टाकणं, सगळं जसंच्या तसं. मी तर इतकी हसले की मला उचकी लागली.

दुसऱ्या तालमीला त्याने नवीन भर घातली. बाबा बोलत असताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत राहतो, खडू फिरवल्यासारखा. गंमत म्हणजे हातात खडू नसतानाही. नकल्या रिकाम्या हाताने तो नसलेला खडू फिरवत फिरवत गणित समजावत होता, आणि वर्ग गडाबडा लोळत होता. हे मी कधी पाहिलं नव्हतं. पण नकल्याचं काहीतरी मनचं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

त्या संध्याकाळी बाबा टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. पानाचा उजवा कोपरा एकसारखा फडफडत होता. पंखा बंद होता. मी बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. बाबांनी वर पाहिलं, पान खाली ठेवलं आणि हात टेबलाखाली घेतला.

पुढच्या तालमीत नकल्याने फळ्यावर एक ओळ लिहून दाखवली. सुरुवातीची अक्षरं ठसठशीत आणि मग हळूहळू लहान, शेवटी तर मुंगीएवढी. मागच्या बाकावरून कुणीतरी दुर्बीण मागितली. मला हसू आलं नाही. मी त्याला म्हटलं की माझे बाबा असं लिहीत नाहीत. वाद घालण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. तो म्हणाला, "मी पदरचं काही घालत नाही, पेटी. सर घालतात, मी उचलतो."

मला त्याचा राग आला. बाबांबद्दल मला माहीत नाही आणि याला माहीत आहे, हे कसलं? पण दुसऱ्या दिवशी वर्गात मी पहिल्यांदाच फळ्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं फळ्यावर काय लिहिलंय ते उतरवून घेत होते, कसं लिहिलंय ते कधी बघितलंच नव्हतं. ओळी उजवीकडे जाताना आखडत गेल्या होत्या. आणि वर्तुळ? त्या दिवशी वर्तुळाचं गणितच नव्हतं. मी आठवून पाहिलं. गेले काही महिने बाबा वर्तुळ काढायला मुलांना फळ्यापाशी बोलवत होते. आम्हाला वाटायचं, सर आता आमच्यावर विश्वास टाकू लागले.

त्यानंतर मला तालमींची धास्ती वाटू लागली. आज हा काय घेऊन येतो, या विचाराने शेवटचा तास मी घड्याळाकडे बघत काढायचे. तो जे आणायचा ते सगळे हसून घ्यायचे, आणि मी ते घरी नेऊन पडताळून बघायचे. दर वेळी ते खरं निघायचं. त्याने चालताना उजवा हात अंगाला चिकटवून ठेवला, डावा तेवढा हलत होता. सकाळी शाळेत जाताना मी मुद्दाम मागे रेंगाळले. बाबा पुढे चालले होते, डावा हात मागेपुढे जात होता आणि उजवा दप्तराचा पट्टा धरावा तसा जागच्या जागी होता. त्याने उजवा पाय घासत टाकला. त्या दिवसापासून मला घरात बाबांची पावलं ऐकू येऊ लागली. एक पाऊल पडायचं आणि दुसरं घासत यायचं. आधीही येतच असणार. माझे कान कुठे होते, देव जाणे.

घरात याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. इतरांच्या चेन आणि बाह्या दुरुस्त करून घरी आली की पुन्हा सुई-दोरा घेऊन बसायची. हल्ली तिच्या मांडीवर बाबांची पँट असायची. उजव्या पायाची मोहरी खालून झिजलेली असायची, ती उसवून पुन्हा दुमडायची. मी विचारलं तर म्हणाली की आजकाल कापडात दम राहिलेला नाही. दारातलं पायपुसणंही तिने काढून टाकलं होतं. त्याने फार धूळ होते म्हणे.

मग पालकांची तक्रार आली. फळ्यावरचं मागच्या बाकांना दिसत नाही, मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्यात. मोठ्या बाईंनी बाबांना बोलावून घेतलं आणि जरा मोठं लिहा म्हणून सांगितलं. शिवाय पुढच्या वर्षी वरचे वर्ग कुणाला द्यायचे हे अजून ठरायचं आहे, असंही सहज बोलता बोलता सुचवलं. बाबांनी जेवताना आम्हाला हा किस्सा रंगवून सांगितला. आयुष्यभर मुलांना अक्षर सुधारा म्हणून ओरडलो, आता माझ्यावर पाळी आली, असं म्हणून ते हसले. आई हसली. मीही हसले. आमचं घर फार हसरं आहे, कुणालाही विचारा.

वरचे वर्ग गेले तर बाबांचं काय उरेल, हे मला कळत होतं. त्यांना दुसरा नाद नाही. मित्र नाहीत, पत्ते नाहीत, बागेत फेऱ्या मारणं नाही. त्यांच्याकडे फळा आहे. मोठ्या बाई समारंभाला पहिल्या रांगेत बसणार होत्या, शेजारी शाळेच्या समितीची माणसं. त्यांच्यासमोर नकल्या ते घासणारं पाऊल आणि ती आखडलेली ओळ घेऊन उभा राहिला असता, तर हसता हसता एखाद्याच्या डोक्यात नक्की प्रकाश पडला असता. आणि बाबा स्वतः बघणार होते, ते वेगळंच.

समारंभाच्या आदल्या दिवशीच्या तालमीत नकल्याने चेहरा आणला. त्याने बाबांचा नेहमीचा विनोद सांगितला, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. आवाज हसत होता, तोंड नाही. वर्ग टाळ्या पिटत होता. घरी इतके दिवस बाबांशी बोलताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. ते माझ्यावर रागावले आहेत असं वाटायचं. मी आणखी अभ्यास करायचे.

तालीम संपल्यावर मी नकल्याला जिन्यात गाठलं.

"उद्या यातलं काही करायचं नाही," मी म्हणाले.

"यातलं म्हणजे?"

"हात, पाय, चेहरा. मागच्या वर्षीचे बाबा कर. पहिल्या तालमीतले. वर्तुळ काढणारे."

तो खालच्या पायरीवर होता, तरी त्याचं डोकं माझ्या बरोबरीला येत होतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मलाही भीती वाटते गं. आधी मला वाटलं मीच जास्त करतोय. मग मी कमी करून बघायला लागलो, तरी सर पुढे जातात."

"मग कर ना बंद."

"घरी कुणाला माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याने विचारलं की मी का सांगत नाही. मी म्हटलं, समारंभ होऊ दे. इतकी वर्षं ते या सभागृहात ताठ उभे राहिलेत, आमच्या वर्गासमोरून तसेच बाहेर पडू देत. त्यानंतर मी स्वतः आईला सांगेन, डॉक्टरकडे नेऊ, काय करायचं ते करू. पण उद्या नाही.

"‘खरा कोण’मध्ये सर स्वतः येणार आहेत," नकल्या म्हणाला.

"सावलीत काय कळतंय?"

कठड्यावर बोट फिरवत तो बरं म्हणाला.

समारंभाची दुपार झकास रंगली. सूत्रसंचालन भोंगा करत होती. ती आमच्या वर्गातली अशी मुलगी की तिला माइक देणं म्हणजे पैशाची नासाडी. तिने एकेकाला स्टेजवर बोलावून त्याचा उद्धार केला. सतत उशिरा येणाऱ्याला घड्याळाचं चित्र दिलं, कारण खरं दिलं असतं तर ते बंद पाडलं असतं म्हणे. मला रिकामी कंपासपेटी मिळाली. लॅबच्या बाईंची नक्कल करणाऱ्या मुलीने इतक्यांदा चष्मा पुसला की शेवटी बाईंनीच तिला स्वतःचा रुमाल दिला. आई दुकानातून थेट आली होती. मोजमापाची टेप तिच्या गळ्यात तशीच राहिली होती. ती पहिल्या रांगेच्या टोकाला, बाबांच्या उजव्या हाताला बसली होती. मी बाजूच्या दारात उभी होते.

मग नकल्या आला. अंगात बाबांचा जुना कोट होता, बाबांनीच हौसेने दिलेला. तो चालत फळ्यापाशी आला आणि मला एकदम आठवलं की माझे बाबा कसे चालायचे. दोन्ही हात हलवत, घाईघाईने, पुढचं गणित पळून जाईल की काय अशा लगबगीने. त्याने फळ्यावर खडू टेकवला, खांद्यापासून हात फिरवला, आणि वर्तुळ बंद केलं. अगदी काटेकोर नव्हतं, पण बंद झालं. तो आमच्याकडे वळला, हसला, सगळ्या चेहऱ्याने हसला, आणि म्हणाला, "झालं की नाही सोपं?" मुलांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मोठ्या बाई टाळ्या वाजवत होत्या. मला वाटलं, सुटलो. बाबा कसे होते तेच मी विसरले होते, आणि त्या वाळक्या पोराने ते मला परत आणून दिलं होतं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

भोंग्याने बाबांना चादरीमागे बोलावलं. बाबा उठले. स्टेजच्या पायऱ्यांशी ते क्षणभर थांबले, कठडा धरला आणि वर गेले. मला तेव्हाच पुढे होऊन काहीतरी करता आलं असतं. चक्कर येऊन पडता आलं असतं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

दिवे मालवले. चादरीवर पहिली सावली आली. ती झपाझप चालली, हात फिरवून हवेत भलंमोठं वर्तुळ काढलं, आणि ‘झालं की नाही सोपं?’ म्हणून बाजूला झाली. मुलांनी ताल धरला.

दुसरी सावली आली. ती किंचित पुढे वाकलेली होती. एक हात हलत होता. दुसरा अंगाशी होता आणि त्याची बोटं फिरत होती. दिव्यामुळे ती बोटं चादरीवर मोठी दिसत होती. एक पाय पडत होता, दुसरा मागून ओढला जात होता. मधोमध येऊन सावलीने हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच छोटंसं काहीतरी काढून खाली गेला. ‘झालं की नाही सोपं?’ हे इतकं पुटपुटत आलं की मागच्यांना ऐकूच गेलं नसणार.

सभागृह खदखदून हसलं. मागून एक मुलगा ओरडला, "ए नकल्या, ओव्हरॲक्टिंग बंद कर. सर इतके म्हातारे नाहीत." त्यावर आणखी हशा पिकला.

"तर मग खरा कोण?" भोंग्याने विचारलं.

"पहिला," सगळे एका आवाजात म्हणाले.

"नक्की?"

"नक्की!"

पहिल्या रांगेतली एक बाई सोडून सगळे ओरडत होते. आई समोर बघत बसली होती. दोन्ही हातांनी तिने गळ्यातली टेप धरली होती.

चादर ओढली गेली. डावीकडे नकल्या उभा होता, कोटात, पांढराफटक पडलेला. आणि जिथे नकली सर असायला हवे होते तिथे बाबा होते. मग कुणीतरी शिट्टी मारली आणि टाळ्यांचा पाऊस पडला. सरांनी फसवलं, सरांनी मुद्दाम केलं, काय ॲक्टिंग केली. मुलं बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. शाळेच्या इतिहासात सभागृह पहिल्यांदा चुकलं होतं आणि त्याचा सगळ्यांना कोण आनंद झाला होता. मोठ्या बाईही हसत होत्या. मग त्यांचं लक्ष बाबांच्या उजव्या हाताकडे गेलं. टाळ्या थांबल्या, खेळ संपला, तरी तो हात खडू फिरवतच होता. बाईंचं हसू हळूहळू मावळलं आणि त्या शेजारच्या समितीच्या माणसाकडे वळून काहीतरी बोलल्या.

बाबांनी वाकून नमस्कार केला आणि मागच्या दाराने निघून गेले. जाताना त्यांनी बोटाने नकल्याला खूण केली, मग मला.

आम्ही तिघं चित्रकलेच्या खोलीत आलो. खाली कुणीतरी गाणं लावलं होतं. बाबा एका बाकाला टेकले. मला वाटलं आता ते रागावतील, पण ते चुकलेलं गणित तपासताना बसतात तसे बसले होते.

"कधीपासून?" त्यांनी नकल्याला विचारलं.

नकल्याने खाली मान घालून सांगितलं. आधी अंगठा, मग अक्षर, मग हात, मग पाय, आणि आता आता चेहरा. बाबा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते, मुलाच्या पायऱ्या बरोबर येत असल्या की हलवतात तशी.

"एवढं येतंय तर आज का केलं नाहीस?"

नकल्याने माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. इतका वेळ मी धरून ठेवलं होतं, आता मला रडू फुटलं. नियम गेला चुलीत. मी म्हटलं, बाबा, मला वाटलं तुम्हाला कळू नये.

"मला कळलं नव्हतंच," ते म्हणाले. "मला वाटायचं हात अवघडलाय. खडू बरे येत नाहीत. मघाशी चादरीमागे मी याची सावली बघत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, हे मला जमलं पाहिजे." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "जमलं नाही. लहान पोरांनासुद्धा मी खरा वाटलो नाही."

मग ते उठले आणि नकल्याला म्हणाले, "आता मला दाखव. खरं जसं आहे तसं. मी स्वतःला पाठमोरं कधी बघितलेलं नाही."

नकल्याला ते नको होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण सरांनी फळ्याशी बोलावलं की जावंच लागतं. तो दारातून व्हरांड्यात गेला, पाठ केली आणि जिन्याच्या दिशेने चालू लागला. बाबा आणि मी दारात उभे राहून बघत होतो. व्हरांड्यात उजेड बेताचाच होता. तो कोट, ती वाकलेली पाठ, तो अंगाशी धरलेला हात, आणि फरशीवर घासणारा पाय. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता.

जिन्याच्या तोंडाशी एक पायरी खाली आहे. तिच्या अलीकडच्या, दुसऱ्या जिन्याच्या दारातून आई वर आली. ती आम्हालाच शोधत होती. तिने समोर चाललेली पाठ पाहिली आणि झपाट्याने जाऊन नकल्याचं उजवं कोपर धरलं. तिने वर चेहऱ्याकडे बघितलं नाही. ती त्याच्या पायाकडे बघत होती.

"अहो, पायरी आहे," ती म्हणाली. "उजवा पाय आधी उचला, मग टाका. घाई नाही. मी धरलंय."

घरात हे वाक्य कधी कुणी उच्चारलं नव्हतं. पण आईच्या आवाजात घाबरणं नव्हतं, नवेपणा नव्हता. कितीतरी दिवस ती ते मनातल्या मनात म्हणत आली असणार, प्रत्येक पायरीला, प्रत्येक उंबऱ्याला. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"अगं, मी इकडे आहे," ते म्हणाले.

आईने वळून पाहिलं, पण हातातलं कोपर तिने लगेच सोडलं नाही.